जाहिरात आमची, पान त्यांचं

दहावी-बारावीचे निकाल लागले की लातुरात जाहिरातवाल्यांची सुगी सुरू होते. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, थेट विदर्भातूनही पालक पोरांना घेऊन येतात आणि ट्यूशन एरियात क्लासवाल्यांचे बॅनर एकमेकांच्या डोक्यावर चढतात. माझी लहानशी एजन्सी आहे. पूर्वी पेपरातल्या छोट्या जाहिराती, केबलवरची पट्टी आणि रिक्षावरचा भोंगा एवढ्यावर घर चालायचं. आता क्लायंटचं निम्मं बजेट मोबाइलवर जातं. नीटच्या तयारीचा एक क्लास माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहे. त्या क्लासच्या सरांचा ऐन सीझनमध्ये फोन आला. "हे काय लावून ठेवलंय तुम्ही?" एवढंच बोलले आणि व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट टाकला.

वरच्या अर्ध्या भागात एका मराठी वेब पोर्टलची बातमी. दोन कुटुंबांतल्या जागेच्या भांडणाला धर्माचा रंग देऊन अख्ख्या मुसलमान समाजाला गुन्हेगार ठरवणारा मथळा, खाली लाल बाण मारलेला फोटो. त्याला चिकटून आमचा बॅनर: ‘रिपीटर बॅच, प्रवेश सुरू, वसतिगृहाची सोय’. स्क्रीनशॉट पाठवला होता औशाच्या एका पालकांनी. त्यांचं गॅरेज आहे, मुलगी बारावी झालेली, क्लासमध्ये येऊन चौकशी करून गेले होते. त्यांनी सरांना लिहिलं होतं, "सर, पोरीला तुमच्याकडंच घालायचं ठरलं होतं. आमच्या फीचे पैसे असे जाणार का?"

शिवी नाही, धमकी नाही. त्यामुळे सर जास्तच हलले होते.

सरांचा समज असा, की मी त्या पोर्टलवाल्याशी बोलून, दर ठरवून जाहिरात दिली. पेपरला तशीच देतो आपण: रिलीज ऑर्डर काढायची, साइझ सांगायची, बिल आलं की कमिशन कापून चेक. मोबाइलवर तसं होत नाही. जाहिरातींचं जाळं चालवणाऱ्या कंपनीला आपण सांगतो, की बारावीच्या पोरांचे पालक, मराठवाड्यातले, एवढ्यांना दाखवा. कुणी एखादं पान उघडलं की ते पुरतं दिसायच्या आत त्यावरच्या मोकळ्या जागेचा लिलाव होतो आणि ज्याची बोली चढी त्याची जाहिरात तिथे बसते. पोर्टलने आम्हाला विचारलेलं नसतं, आम्ही पोर्टलला विचारलेलं नसतं. आपली जाहिरात कुणाच्या ओसरीवर बसली हे बघायचं असेल तर नंतर रिपोर्ट काढावा लागतो.

त्यात आणखी एक गोष्ट सरांना समजावताना माझीच जीभ अडखळली. औशाच्या त्या पालकांना आमचाच बॅनर का दिसला? कारण त्यांनी क्लासची वेबसाइट उघडून फी बघितली होती. एकदा येऊन गेलेल्या माणसाच्या मागे जाहिरात फिरत राहावी अशी सोय बहुतेक कॅम्पेनमध्ये असते. दुसऱ्या कुणी तेच पान उघडलं असतं तर त्याला कुकरची नाहीतर कर्जाची जाहिरात दिसली असती. म्हणजे ज्या माणसाला शिव्या घालणारं ते पान, त्याच्याच मुलीच्या शिक्षणाच्या चौकशीतून त्या पानाला चार पैसे मिळाले. आणि ते त्या पानावर गेले कसे? नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी "बघा, आपल्याबद्दल काय छापलंय" म्हणून लिंक टाकली होती. संतापून उघडलेलं पान आणि खूश होऊन उघडलेलं पान, जाहिरातीच्या हिशेबात दोन्हींचा भाव सारखाच.

रात्री ऑफिसात बसून ‘जाहिरात कुठे दिसली’ हा रिपोर्ट काढला. आमच्या धंद्यात तो फारसं कुणी उघडत नाही, कारण क्लायंट विचारतो ते किती फोन आले एवढंच. यादी लांबलचक निघाली. लहान मुलांचे गेम, टॉर्चचं ॲप, राशिभविष्य, नोकरभरतीच्या साइट, बाजारभावाच्या साइट आणि मधेमधे अशी पोर्टलं. स्क्रीनशॉटमधलं होतंच, त्याच्या तोंडवळ्याची आणखीही होती. प्रत्येकावर गेलेली रक्कम चहापाण्याइतकी. पण तिथे मी एकटा नव्हतो. ती पानं चाळताना सराफ, ट्रॅक्टरवाले, खासगी दवाखाने, मुलांसाठी काम करणारी एक संस्था, अशा सगळ्यांच्या जाहिराती दिसल्या. आपण कुणाला पोसतोय याचा त्यांतल्या कितीजणांना पत्ता असेल?

पुढची पायरी पुण्यातल्या एका मित्राने सांगितली. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ टाइप केलं की रंगरूप नसलेली एक साधी यादी उघडते. आयएबी टेक लॅब या संस्थेने २०१७ मध्ये ही पद्धत आणली, नामांकित पेपरच्या नावाने भलत्यानेच जागा विकू नये म्हणून. प्रत्येक ओळीत जागा कुठल्या कंपनीमार्फत विकली जाते, खात्याचा क्रमांक काय आणि विकणारा थेट मालक की मधला दलाल, एवढं असतं. २०१९ मध्ये जोडीला ‘सेलर्स डॉट जेसन’ आली. तिच्यात जाहिरात कंपनीने त्या खात्यामागचं नाव सांगायचं. मोंढ्यात आडत्याची पट्टी वाचता येते त्याला हे जड नाही: माल कुणाचा, हमाली किती, मधे कोण खाल्लं.

त्या पोर्टलच्या पट्टीत दलालांच्या ओळी पानभर. त्यातला एक क्रमांक शोधून बघितला तर तोच पाककृतींच्या एका साइटवर, भरतीच्या जाहिराती देणाऱ्या एका साइटवर आणि आरत्या-स्तोत्रांच्या एका साइटवर. म्हणजे उद्या एखाद्या मसालेवाल्याने ‘मला फक्त स्वयंपाकाच्या साइट पाहिजेत’ असं ठरवलं, तरी त्याचा पैसा याच गल्ल्यात पडायची वाट मोकळी. दुसऱ्या यादीत त्या क्रमांकापुढे नाव नव्हतं, ‘गोपनीय’ अशी खूण होती. नाव झाकायची मुभा त्या नियमातच ठेवलेली आहे. पारदर्शकतेसाठी केलेल्या नियमात ही खिडकी कुणाच्या सोयीसाठी ठेवली असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

अमेरिकेत याच वाटेने बरीच माणसं गेली आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये, ट्रम्प पहिल्यांदा निवडून आल्यावर, ‘स्लीपिंग जायंट्स’ ही मोहीम सुरू झाली. मॅट रिवित्झ आणि नंदिनी जम्मी हे जाहिरात-मार्केटिंगच्याच धंद्यातले दोघे ती चालवत. पद्धत औशाच्या पालकांचीच. ब्राइटबार्ट या कट्टर उजव्या साइटवर ज्या कंपनीची जाहिरात दिसेल तिचा स्क्रीनशॉट काढायचा, त्या कंपनीलाच चारचौघांत दाखवायचा आणि विचारायचं, हे तुम्हाला माहीत आहे का? मीडियारडार या कंपनीच्या मोजणीत मार्च २०१७ मध्ये ब्राइटबार्टवर २४२ ब्रँडच्या जाहिराती होत्या. मे महिन्यात २६ उरल्या. लोक हा आकडा बहिष्काराची ताकद म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. इतक्या झपाट्याने निघून गेलेल्यांपैकी बहुतेकांना आपण तिथे आहोत हेच ठाऊक नसावं. पुढे जम्मी यांनी क्लेअर ॲटकिन यांच्याबरोबर ‘चेक माय ॲड्स’ ही संस्था काढली आणि एकाच खात्यावर अनेक साइट लपवण्याच्या या प्रकाराचा पाठपुरावा केला.

पैशाची एक वाट कळली होती, पण मला आतलं कळायला हवं होतं. आमच्याकडे पूर्वी व्हिडिओ एडिटिंग करणारा एक पोरगा त्या पोर्टलच्या यूट्यूब चॅनलवर कामाला होता. अंबाजोगाईकडचा, हाताला वेग असलेला. त्याला गंजगोलाईत चहाला बोलावलं. तो लाजला-बिजला नाही.

"दादा, तिथं कुणी विचारधारा-बिचारधारा बोलत नाही. सकाळी मालक एवढंच विचारतात, काल काय चाललं? जे चाललं ते आज परत."

मी विचारलं, मग त्या बाजारभावाच्या, पाणीसाठ्याच्या बातम्या कशाला करता? त्याला कोण बघतं?

"त्या मेन आहेत. सोयाबीनचा भाव, पीक विम्याची तारीख, मांजरा धरणाचं पाणी, पोलिसांची प्रेसनोट, यात चूक झाली तर मालक पगार कापतात. दुसऱ्या व्हिडिओत चूक झाली तर कुणी विचारत नाही."

मी पेला खाली ठेवला. इतकी वर्षं धंदा करून मला हे कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं नव्हतं. खेड्यातला माणूस मोबाइलवर भाव बघतो, मोंढ्यात येतो, भाव तोच निघतो. ज्याचा सोयाबीनचा भाव खरा, त्याची दंगलीची बातमी खोटी कशी असेल? विष हे असं दहातल्या आठ खऱ्या बातम्यांच्या आडोशाने पोटात जातं. नुसतं विष विकणारं दुकान पहिल्या आठवड्यात बंद पडलं असतं.

सप्टेंबर हा त्यांचा मोठा हंगाम, असं तो म्हणाला. १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. मराठवाड्यात रझाकारांची आठवण नाही असं गाव सापडायचं नाही. माझ्या आजोळीही कणग्यांत लपवलेल्या धान्याच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. तो १९४८ चा खरा इतिहास घ्यायचा, त्याला आजच्या एखाद्या भाजीवाल्याचा नाहीतर भंगारवाल्याचा व्हिडिओ जोडायचा आणि वर प्रश्नचिन्ह टाकून विचारायचं, रझाकार परत आले का? प्रश्नचिन्हामुळे वकील खूश, बाणामुळे बघणारा खूश. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान निजाम आणि रझाकारांच्या विरोधात लिहीत होते आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना मारून टाकलं गेलं. रझाकारांनी मारलेला मुसलमान संपादक. तुम्ही कधी यावर व्हिडिओ केलात का, असं मी त्या पोराला विचारलं. त्याने नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. मोबाइलवर शोधून बघितलं आणि म्हणाला, "चालणार नाही, दादा. यात शिव्या कुणाला द्यायच्या?"

पैशाचं गणित त्याला तोंडपाठ होतं. यूट्यूबवर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं गेलं की जाहिरातींच्या कमाईत वाटा सुरू होतो. लांब व्हिडिओवर चॅनलला ५५ टक्के मिळतात. ही अट आधी इतकी कडक नव्हती. २०१७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्राने मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती अतिरेक्यांच्या व्हिडिओंवर चालत असल्याचं छापलं, ब्रिटिश सरकारनेसुद्धा आपल्या जाहिराती थांबवल्या, आणि त्यानंतर यूट्यूबने एकेक पायरी चढवत २०१८ मध्ये हा उंबरठा केला. एवढ्या उंबरठ्यावरून जायला भडक चॅनलला वेळ लागत नाही, हेही त्यानेच सांगितलं. बाजारभाव सांगणारा चॅनल तिथे पोचायला वर्ष घालवतो.

पण मालकांचा खरा भर या पैशावर नाही. यूट्यूबचा पैसा कधी बंद होईल सांगता येत नाही. एखाद्या व्हिडिओवर जाहिराती थांबल्या, एखादा काढून टाकला गेला. त्यामुळे त्यांनी दुसरी पाइपलाइन टाकलेली आहे. व्हिडिओच्या कोपऱ्यात क्यूआर कोड, ‘राष्ट्रकार्यासाठी सहकार्य करा’. व्हिडिओ काढला गेला की त्यावरच नवा व्हिडिओ: आमचा आवाज दाबला जातोय. त्या दिवशी क्यूआर कोड मोठा होतो आणि पैसे नेहमीपेक्षा जास्त येतात. मधल्या जाहिराती गुडघेदुखीच्या तेलाच्या आणि साखर उतरवणाऱ्या चूर्णाच्या. त्या थेट माल बनवणाऱ्यांकडून आलेल्या, कुठल्याही जाळ्यातून नाहीत. म्हणजे स्क्रीनशॉट काढून तक्रार करायची सोय नाही.

हे ऐकताना मला अमेरिकेतला ॲलेक्स जोन्स आठवला. तिथल्या सँडी हूक शाळेत २०१२ मध्ये गोळीबारात २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, तो सगळा बनाव होता असं हा माणूस वर्षानुवर्षं ‘इन्फोवॉर्स’ या आपल्या साइटवर सांगत राहिला. त्याचा धंदा कशावर चालायचा? आधी तासभर भीती घालायची, मग शक्तिवर्धक गोळ्या आणि साठवणीचं अन्न विकायचं. कोर्टात आलेल्या कागदपत्रांवरून सप्टेंबर २०१५ ते २०१८ अखेर त्याच्या दुकानाची विक्री १६.५ कोटी डॉलर होती. ऑगस्ट २०१८ मध्ये ॲपल, फेसबुक, यूट्यूब सगळ्यांनी त्याला काढलं तरी दुकान चालू राहिलं. शेवटी मेलेल्या मुलांच्या आईबापांनी कोर्टात खेचलं आणि २०२२ मध्ये जवळपास दीड अब्ज डॉलरच्या भरपाईचे निकाल लागले. जाहिरात तोडली की असं माध्यम मरतं, हा आपला भाबडेपणा झाला. ते माल विकायला लागतं.

निघताना त्या पोराला विचारलं, तुला काही वाटत नाही का रे? म्हणाला, "माझा रूममेट मुसलमानच आहे, दादा. थंबनेल झालं की त्यालाच दाखवतो, कसं दिसतंय विचारतो." यात काही चुकीचं आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. २०१६ मध्ये उत्तर मॅसिडोनियातल्या वेलेस गावच्या पोरांनी अमेरिकेतल्या निवडणुकीसाठी ट्रम्पच्या बाजूच्या शंभरहून जास्त साइट चालवल्या होत्या. वेलेस म्हणजे आपल्या उदगीरच्या निम्मं गाव. त्या पोरांना ट्रम्पशी देणंघेणं नव्हतं, कशावर क्लिक पडतं ते त्यांनी हेरलं होतं. मला त्या गावचं चित्र कधी नीट डोळ्यांपुढे आलं नव्हतं, गंजगोलाईत आलं.

मग एक दिवस ते स्वतःच आले. मी सरांच्या केबिनमध्ये बिलाचं बोलत बसलो होतो आणि त्या पोर्टलचे ‘विभागीय संपादक’ दारात. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, मागे बूम, म्हणजे लोगोवाला माइक, धरलेला एक पोरगा. "सर, आपल्या वर्धापन दिनाला ‘शिक्षणरत्न’ पुरस्कार असतात. समितीने तुमचं नाव काढलंय. मोठ्या साहेबांच्या हस्ते असतो कार्यक्रम." समितीत कोण आहे ते त्यांनी सांगितलं नाही, सरांनी विचारलं नाही.

टेबलावर फाइल उघडली. तिच्यात पहिलाच कागद प्लॅस्टिकमध्ये घातलेला, वर सिंहमुद्रा आणि ‘भारत सरकार’. तो उद्यम नोंदणीचा दाखला होता. लघुउद्योगाचा हा दाखला २०२० पासून ऑनलाइन मिळतो, फुकट मिळतो आणि स्वतःच्या सांगण्यावर मिळतो. माझ्या एजन्सीकडे आहे, माझ्या खालच्या झेरॉक्सवाल्याकडेही आहे. त्याचा पत्रकारितेशी काडीचा संबंध नाही. पुढचा कागद माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला पाठवलेल्या माहितीचा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार डिजिटल बातम्या देणाऱ्यांनी आपली माहिती मंत्रालयाला कळवायची असते. कळवली म्हणजे मंत्रालयाने मान्यता दिली असं नाही. छापील नियतकालिकांना जशी नोंदणी असते तशी वेब पोर्टलसाठी नाही. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियतकालिकांच्या नव्या कायद्यातही नाही. पण सिंहमुद्रा बघून माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो, आणि ते या मंडळींना पक्कं ठाऊक असतं. पोर्टलच्या तळाला लिहिलेलंच होतं: ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’.

त्यानंतर फोटो. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमात अधिकारी, डॉक्टर, पतसंस्थेचे चेअरमन, शाल, श्रीफळ, ट्रॉफी. मला त्या फाइलची रचना बघून कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. वाचकाला दाखवायला ती फाइल नव्हतीच. ती आमच्यासारख्यांसाठी होती. अधिकारी येतो कारण शहरातले नामांकित डॉक्टर आहेत, डॉक्टर येतात कारण अधिकारी आहे, आणि मागच्या पडद्यावर पोर्टलचा लोगो सगळ्यांच्या डोक्यावर. दुसऱ्या दिवशी तो फोटो पोर्टलवर, आणि तिसऱ्या दिवशी त्याच लोगोखाली स्क्रीनशॉटमधल्यासारखी भांडणाची बातमी. ती वाचणाऱ्याच्या मनात फोटोतले डॉक्टर असतात. पुरस्काराचं ‘सहकार्य’ किती ते शेवटच्या कागदावर होतं. जाहिरात, मुलाखत आणि ट्रॉफी धरून.

हे पोर्टलवाल्यांनी शोधून काढलेलं नाही, तेही नोंदवून ठेवतो. २००९ च्या निवडणुकांत नामवंत पेपरांनी उमेदवारांना पैसे घेऊन बातम्यांची पॅकेजं विकली आणि प्रेस परिषदेच्या उपसमितीला २०१० मध्ये त्यावर अहवाल करावा लागला. त्या पॅकेजांची कमिशनं आमच्या धंद्यात आली होती. फरक एवढाच, की तेव्हा पेपर आपली पत विकत होता आणि आता ज्याला पत नाही तो ती आमच्याकडून उसनी घेतो.

अमेरिकेत ब्राइटबार्टलाही असा कागद हवा होता. सिनेटच्या पत्रकार कक्षाचं कायमचं ओळखपत्र. तिथे पत्रकारांचीच समिती ते देते आणि आधी विचारते, तुमचा मालक कोण, पैसा कुणाचा? त्या चौकशीत फेब्रुवारी २०१७ मध्ये ब्राइटबार्टचे प्रमुख लॅरी सोलोव्ह यांना मालकांत मर्सर कुटुंब असल्याचं सांगावं लागलं. अब्जाधीश घराणं, ट्रम्प यांचे मोठे देणगीदार. त्या वर्षी कायमचं ओळखपत्र मिळालं नाही. आपल्याकडे पत्रकार परिषदेत शिरायला बूमवर लोगो चिकटवलेला असला की पुरतं.

सरांनी फोनमधला स्क्रीनशॉट त्यांच्यापुढे धरला. संपादकांचा चेहरा बदलला नाही. "सर, ते डेस्कवरून जातं, आमच्या हातात नसतं. पण तुमच्यासाठी काढून टाकतो." तिथल्या तिथे फोन केला, संध्याकाळपर्यंत ते पान गेलं. बाकीची पानं होती तशीच. जाताना म्हणाले, "जाहिरात जाळ्यातून कशाला देता सर? थेट आम्हाला द्या, म्हणजे तुमच्या जाहिरातीवर आम्ही अशी बातमी येऊ देणार नाही." वाक्य नम्रच होतं. सर आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. ते गेल्यावर सरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: "मोठे साहेब खरंच येणार आहेत का हो कार्यक्रमाला?" माणूस वाईट नाही. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात साहेबांच्या हस्ते घेतलेल्या ट्रॉफीचा फोटो कसा दिसेल, ते त्यांना दिसत होतं, मलाही दिसत होतं. शेवटी त्यांनी नाही कळवलं. औसा, उदगीर, निलंगा इकडून त्यांच्याकडे मुसलमान घरांतली बरीच पोरं येतात. कारण तेवढंच होतं आणि ते मला पुरेसं वाटलं.

पोलिसांत द्यायचं का, हे आम्ही औशाच्या पालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नको सर. तक्रार आम्ही करायची आणि ठाण्यात बसायचंही आम्हीच." विषय तिथेच संपला.

जाहिरात कंपनीकडे मी तक्रार केली. फॉर्म भरायचा, पानाचा पत्ता द्यायचा, कारण निवडायचं. उत्तर आलं की त्या पानावरच्या जाहिराती थांबवल्या आहेत. ते पान तोवर पोर्टलनेच काढलेलं होतं. साइटचं काय, याला उत्तर नाही. मग आमच्या हातात होतं ते केलं. त्या खात्याच्या क्रमांकाशी जोडलेल्या सगळ्या साइट आणि त्यांचे चॅनल वगळण्याच्या यादीत टाकले. मित्र म्हणाला, शब्दच बंद कर ना. ज्या पानावर मुस्लिम, दंगल, हिंसा असे शब्द आहेत तिथे जाहिरात नको म्हणून सांग. ते मी केलं नाही. तसं केलं तर दंगलीची नीट बातमी देणारा पेपर उपाशी मरतो आणि थंबनेलवर लाल बाण मारणारा निसटतो. २०२० मध्ये कंपन्यांनी ‘कोरोना’ शब्द बंद केला तेव्हा चांगल्या पेपरांच्या सगळ्यात जास्त वाचल्या जाणाऱ्या पानांवरच्या जाहिराती गेल्या होत्या.

शेवटी उलटं केलं. कुठे नको याऐवजी कुठे पाहिजे, याची यादी हाताने केली: ओळखीचे पेपर, शिक्षणाच्या साइट, काही शेतीच्या. क्लिक महाग पडायला लागलं. सरांनी घासाघीस केली, मग मान्य केलं, पण माझं कमिशन थोडं कमी करून. फोन कमी आले का? थोडे कमी आले. येणारे मात्र खरोखर प्रवेश घेणारे होते, कारण टॉर्चच्या ॲपवर चुकून बोट लागणारे गळाले. इतर क्लायंटनाही तो रिपोर्ट दाखवला. काहींनी यादी बदलून घेतली, काहींनी "आम्हाला काय करायचंय" म्हटलं. औशाच्या पालकांना सरांनी स्वतः फोन करून काय काय केलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले. मुलीचा प्रवेश तोपर्यंत नांदेडला झाला होता.

पोर्टलचा वर्धापन दिन थाटात झाला. पुरस्कार घेणाऱ्यांत माझेच एक क्लायंट होते, हाडांचे डॉक्टर. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मॅनेजरचा मेसेज आला, शिवाजी चौकासाठी ‘हार्दिक अभिनंदन’चा बॅनर करून द्या, सोबत फोटो आणि पोर्टलचा लोगो. मी डॉक्टरांना फोन करून तो जुना स्क्रीनशॉट आणि खात्याची पट्टी दाखवू का म्हटलं. त्यांची ओपीडी चालू होती. बॅनर केला, लोगो घातला नाही. संध्याकाळी मॅनेजरचा फोन.

"लोगो राहिला का हो?"

म्हटलं, राहिला नाही, काढलाय. घालायचाच असेल तर छपाई दुसरीकडून करून घ्या.

त्यांनी करून घेतली.